दुष्काळ नव्हे, दुर्भिक्ष म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आंतरराष्ट्रीय पानावर सुदान आणि गाझाच्या बातम्या नियमित येतात, हे चांगलेच आहे. तक्रार मथळ्यातल्या एका शब्दाबद्दल आहे : ‘दुष्काळ’. हा शब्द चुकीच्या जागी बसला की खालचे आकडे, त्यांचा अर्थ आणि छायाचित्राखालची ओळसुद्धा कशी घसरत जाते, ते जरा तपशिलाने लिहितो आहे. पत्र लांबले तर कात्री चालवावी, पण आकड्यांना हात लावू नये.

मराठीत दुष्काळ म्हटले की डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन आणि तळ गाठलेली विहीर येते. वृत्तसंस्था मात्र दोन निरनिराळे शब्द वापरतात. पाऊस न पडणे म्हणजे ‘ड्राउट’, आणि माणसे अन्नावाचून मरू लागणे म्हणजे ‘फॅमिन’. आपण दोन्हींना दुष्काळ म्हणून मोकळे होतो. पूर्वी ते खपून जाई, कारण पाऊस गेला की धान्य जाई आणि धान्य गेले की माणसे जात. आता तसे होत नाही. पहिल्यासाठी ‘अवर्षण’ आणि दुसऱ्यासाठी ‘दुर्भिक्ष’ असे दोन चांगले शब्द आपल्याकडे आहेत. ते वापरावेत.

सुदानचेच पाहा. उत्तर दारफुरमधील अल फाशर शहराजवळच्या झमझम छावणीत दुर्भिक्ष असल्याची पुष्टी १ ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ऑगस्ट म्हणजे तिथला भर पावसाळा. त्याच महिन्यात पश्चिम दारफुरमध्ये मोर्नेई येथील पूल पुराने तुटला आणि मदतीच्या ट्रकांची वाट बंद झाली. म्हणजे मथळ्यात दुष्काळ आणि मजकुरात पूर! वाचकाने काय समजायचे? त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हेच भुकेचे महिने असतात, कारण मागच्या हंगामाचे धान्य संपलेले असते आणि नवे पीक अजून शेतात उभे असते. एरवीच्या वर्षी लोक बाजारातून विकत घेऊन, उसनवारी करून, शेळी विकून ते दिवस काढतात. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानी लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि हे तिन्ही मार्ग बंद झाले. आरएसएफने अल फाशरला वेढा घातला. लष्कराच्या बाजूच्या सरकारने चाडमधून दारफुरमध्ये येणारा अद्रेचा नाका फेब्रुवारी २०२४ मध्ये मदतीसाठी बंद केला, तो ऑगस्टच्या मध्यावर उघडला. वेढ्यातल्या लोकांनी शेवटी ‘अंबाझ’ खाल्ले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचे तेल गाळून उरलेली पेंड, जी जनावरांना घालतात. यात पावसाचा काय दोष?

हा गोंधळ जुना आहे. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीने इथिओपियातील कोरेम येथून दाखवलेल्या दृश्यांनी जग हादरले आणि मदतीचा ओघ सुरू झाला. तिथे अवर्षण होतेच, नाही असे नाही. पण त्याच वेळी देशाच्या उत्तरेतल्या टिग्रेत आणि तेव्हा इथिओपियातच असलेल्या एरिट्रियात युद्ध चालू होते, आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात अन्न पोहोचू नये अशी सरकारची चाल होती. जगाने मात्र सगळे खापर आभाळावर फोडले. त्या सरकारला दुसरे काय हवे होते?

शब्दाला कायद्याची बाजूही आहे. नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धतंत्र म्हणून वापरण्यास जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पुरवणी कराराने, कलम ५४ अन्वये, बंदी घातली. सुरक्षा परिषदेने २०१८मध्ये ठराव क्रमांक २४१७ एकमताने संमत करून त्याचा निषेध केला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत हा युद्धगुन्हा आधी फक्त देशादेशांतल्या युद्धांपुरता होता, २०१९च्या दुरुस्तीने तो अंतर्गत युद्धांनाही लागू झाला (दुरुस्ती मान्य करणाऱ्या देशांपुरता, हेही सांगायला हवे). न पडलेल्या पावसावर खटला भरता येत नाही. नाका बंद करणाऱ्यावर भरता येतो.

आता आकड्यांकडे. बातमीत ‘आयपीसी’ असे येते आणि वाचकाला दंडसंहिता आठवते. ही आयपीसी म्हणजे अन्नसुरक्षेची पातळी ठरवण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत. ती २००४मध्ये सोमालियात सुरू झाली आणि आता संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, स्वयंसेवी संस्था आणि त्या त्या देशांची सरकारे मिळून ती राबवतात. तिचे पाच टप्पे आहेत : किमान, ताण, संकट, आणीबाणी आणि पाचवा आपत्ती किंवा दुर्भिक्ष. एखाद्या भागाला दुर्भिक्षाच्या टप्प्यात घालायचे तर तीन गोष्टी एकदम दिसाव्या लागतात. किमान २० टक्के कुटुंबांची अन्नाची टोकाची तूट. किमान ३० टक्के बालके तीव्र कुपोषित. आणि दर दहा हजार लोकांमागे दररोज किमान दोन मृत्यू, थेट उपासमारीने किंवा कुपोषण आणि आजार एकत्र आल्याने.

दोन हा आकडा वाचायला क्षुल्लक वाटतो. गुणाकार करून पाहावा. पाच लाख वस्तीत तो रोजचे १०० मृत्यू होतो, आणि हाच वेग वर्षभर टिकला तर दर दहा हजारांतले ७३० जण जातात. बातमीत एवढा एक गुणाकार द्यायला दोन ओळी लागतात.

पाचव्या टप्प्याची दोन नावे आहेत, आणि भाषांतरात नेमकी इथेच चूक होते. कुटुंब पाचव्या टप्प्यात असेल तर त्याला ‘आपत्ती’ म्हणतात. संपूर्ण भाग त्या टप्प्यात गेला तरच ‘दुर्भिक्ष’. जून २०२१मध्ये टिग्रेत साडेतीन लाखांहून अधिक लोक पाचव्या टप्प्यात असल्याचे आयपीसीच्या विश्लेषणात आले होते. तरी एकाही भागाला दुर्भिक्षाचा शिक्का बसला नाही. इथिओपियाच्या सरकारला ते विश्लेषणच मान्य नव्हते. येमेनमध्ये इतकी वर्षे मुले खंगून मेली, तिथेही दुर्भिक्षाची पुष्टी झाली नाही. शिक्का बसला नाही म्हणजे भूक नव्हती, असा अर्थ वाचकाने काढू नये म्हणून हा फरक छापायला हवा.

‘संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला’ हे वाक्यही तपासून घ्यावे. आयपीसी फक्त वर्गवारी करते. पाचव्या टप्प्याची शंका आली की स्वतंत्र तज्ज्ञांची एक छोटी समिती सगळी माहिती पुन्हा तपासते. जाहीर करणे हे सरकारचे किंवा संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचे काम. जाहीर केल्याने कोणावर कसलेही कायदेशीर बंधन येत नाही, निधी आपोआप सुटत नाही, सीमा उघडत नाही. शिवाय मृत्यूचा निकष पुरा व्हायचा तर मृत्यू आधी व्हावे लागतात. म्हणजे घोषणा ही स्वभावतःच वरातीमागून घोडे. सोमालियात २० जुलै २०११ रोजी दुर्भिक्ष जाहीर झाले. नंतरच्या अभ्यासात ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात एरवीपेक्षा सुमारे २ लाख ५८ हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला, त्यांतले निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालच्या मुलांचे. घोषणेची वाट न पाहता हजारो माणसे आधीच गेली होती.

उलट बाजूनेही चूक होते. दक्षिण सुदानच्या लीर आणि मायेंदित या दोन तालुक्यांत फेब्रुवारी २०१७मध्ये दुर्भिक्ष जाहीर झाले, जोराची मदत पोहोचली आणि जूनमध्ये ‘दुर्भिक्ष संपले’ अशी बातमी आली. त्याच जूनमध्ये देशभरातल्या तीव्र भुकेल्यांची संख्या ४९ लाखांवरून ६० लाखांवर गेली होती. पाचव्या टप्प्यातून चौथ्यात येणे म्हणजे घरी चूल पेटणे नव्हे.

गाझाच्या बाबतीत वाद वेगळा झाला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा गव्हर्नरेटमध्ये, म्हणजे गाझा शहर आणि परिसरात, दुर्भिक्षाची पुष्टी झाली. इस्रायलने ती फेटाळली. निकष ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणला, असा आक्षेप घेण्यात आला. ही दोन्ही टक्केवारी दोन वेगवेगळ्या मापांची आहे. वजन आणि उंची मोजता आली तर उंबरठा ३० टक्के. वजनकाटा आणि उंचीची फळी घेऊन फिरता येत नसेल तर दंडाचा घेर मोजतात, आणि त्या मापाचा उंबरठा १५ टक्के. तो आयपीसीच्या नियमावलीत आधीपासूनच आहे. दंडघेराने तीव्र कुपोषित ठरणारी मुले सहसा कमी निघतात, म्हणून उंबरठाही कमी. आक्षेप छापायला हरकत नाही, पण शेजारी एवढा खुलासा हवा.

दंडघेर मोजायची पट्टी हे या सगळ्या विषयातले सर्वांत साधे साधन. तीन रंगांची, कागदाइतकी हलकी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा डावा हात कोपरात काटकोनात दुमडायचा, खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून मध्यावर खूण करायची. मग हात सैल सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळून पट्टीवरच्या छोट्या खिडकीतला आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे हिरवा, ११.५ ते १२.५च्या आत पिवळा, ११.५च्या खाली लाल. पट्टी आवळली तर कातडी चिमटते आणि माप कमी येते, ढिली राहिली तर जास्त येते. खूण न करता अंदाजे मध्य धरला तरी माप चुकते. दोन-तीन मिलिमीटरच्या चुकीने मूल लालचे पिवळे होते आणि उपचाराच्या यादीतून गळते. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे केवढे, हे समजायला कागदाची पट्टी तेवढी कापून तिचे कडे करून पाहावे. त्यातून मोठ्या माणसाची दोन-तीन बोटेच जेमतेम जातात.

मृतांचे आकडे कसे निघतात हेही बातमीत कधी येत नाही. पाहणी करणारे घरोघर जाऊन विचारतात : अमुक सणाच्या दिवशी घरात कोण कोण होते, त्यानंतर कोण जन्मले, कोण गेले, कोण निघून गेले? साधारण तीन महिने मागचे विचारतात. ज्या घरात कोणीच उरले नाही, ते घर उत्तर द्यायला नसते. लोक रोज जागा बदलत असतील तर एकूण वस्ती किती धरायची, हाही प्रश्न असतो. रुग्णालयात नोंदलेले ‘उपासमारीचे मृत्यू’ तर आणखी थोडे, कारण खंगलेले मूल शेवटी जाते ते गोवर, हगवण किंवा न्यूमोनियाने, आणि नोंदीत तेच लिहिले जाते. म्हणून ‘आतापर्यंत भुकेने इतके मृत्यू’ या ओळीत ‘रुग्णालयांत नोंदलेले’ हे दोन शब्द घालणे भाग आहे.

मानवी कहाण्या आपण छापता, त्या मनाला भिडतात. पण त्यांतून अन्न पोहोचले की मूल वाचले असे चित्र उभे राहते. पी हळद अन् हो गोरी, असे ते नसते. बरेच दिवस उपाशी असलेले शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चालत असते. पेशींतले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम सरत आलेले असते. अशात एकदम पोटभर पिठूळ-गोड खायला दिले की इन्सुलिन उसळते, रक्तात उरलेसुरले हे क्षार पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडते. मूल जेवल्यानंतर दगावते.

म्हणून गुंतागुंत असलेल्या मुलाला आधी ‘एफ-७५’ नावाचे पातळ दूध देतात. १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी, किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर. सहा किलोच्या मुलाला दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर, रात्रीसुद्धा. रात्रीचे एक-दोन घोट चुकले तर पहाटे रक्तातली साखर उतरते आणि अंग गार पडते. काखेत तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका. मूल रडत नाही, ताप दाखवत नाही, म्हणून जंतुसंसर्ग नाही असे धरता येत नाही. प्रतिजैविक सरसकट सुरू करतात. लोह पहिल्या आठवड्यात देत नाहीत. जुलाब असतील तर नेहमीची जलसंजीवनी न देता ‘रिसोमाल’ देतात, ज्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असते. आणि सलाईन? सलाईन लावले म्हणजे उपचार सुरू झाला, असे वाचकाला वाटते. इथे शिरेतले पाणी दुबळ्या हृदयाला पेलत नाही. ते मूल शॉकमध्ये गेले तरच, आणि डोळ्यांत तेल घालून. दोन ते सात दिवसांत भूक परतली, सूज उतरू लागली की मग पुढचे.

पुढचे म्हणजे शेंगदाण्याची पेस्ट. दाण्याचा कूट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार. एका पाकिटात ९२ ग्रॅम, ५०० किलोकॅलरी. तिची खरी करामत चवीत नाही, पाणी नसण्यात आहे. पाणी नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, शिजवावे लागत नाही, दोन वर्षे टिकते. जे मूल अशक्त आहे पण ज्याला भूक आहे आणि दुसरी गुंतागुंत नाही, ते दवाखान्यात दाखल न होता घरीच, आईच्या हातून ही पेस्ट खाऊन बरे होते. सात किलोच्या मुलाला दिवसाला तीन पाकिटे, साधारण सहा ते आठ आठवडे. १५० पाकिटांचा एक खोका म्हणजे साधारण एक मूल. कुठे किती खोके अडकून पडले हे कळले की किती मुलांचे उपचार थांबले ते तिथल्या तिथे मोजता येते. ती पाकिटे घरातल्या इतर भुकेल्या भावंडांत वाटली जातात, आणि मग मूल आठ आठवड्यांनीही लालच राहते. यात आईची चूक शोधू नये. उत्तर एवढेच, की त्या घराला सगळ्यांसाठी धान्यही द्यावे लागते.

धान्य किती? मदतसंस्था माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी धरतात. सुमारे ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, थोडे पोषक पीठ, साखर, मीठ मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. दहा लाख लोकांना रोज ५५० टन, म्हणजे २० टनांचे २७-२८ ट्रक. हे झाले नुसते कोरडे अन्न. शिजवायला सरपण किंवा गॅस आणि पाणी वेगळे, औषधे वेगळी. ‘शंभर ट्रक आत गेले’ ही बातमी तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा त्यांत काय होते, एका दिवसात की आठवड्यात, आणि नाक्यावर उतरलेला माल पुढे वस्तीत पोहोचला का, हे सांगितले जाते. नाका ओलांडणे आणि ताटात पडणे यांमध्येच माल सर्वाधिक अडकतो : परवाने, लूट, डिझेल, चालकाच्या जिवाची हमी.

विमानातून छत्रीने पडणाऱ्या गठ्ठ्यांचे छायाचित्र आपण मोठे छापता. २ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या तीन सी-१३० विमानांनी गाझात ६६ गठ्ठे टाकले, त्यांत सुमारे ३८ हजार जेवणे होती. गाझाची वस्ती वीस लाखांवर. आभाळ फाटले तिथे ठिगळ ते किती पुरणार? त्याच आठवड्यात छत्री नीट न उघडल्याने गठ्ठ्याखाली सापडून पाच जण मेल्याच्या बातम्या आल्या. गठ्ठा पडतो तिथे आधी पोहोचतो तो धडधाकट तरुण. आजारी मूल कडेवर घेतलेली बाई पोहोचत नाही. रस्ताच नसलेल्या दलदलीत, दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी, विमानाला पर्याय नसतो. पण जिथे नाक्यावर ट्रक उभे आहेत तिथे विमान कशाला लागते, हा प्रश्न त्या छायाचित्राखाली यायला हवा.

वाक्यरचनेबद्दल एक. ‘मदत पोहोचू शकली नाही’, ‘पुरवठा खंडित झाला’ अशी कर्ता नसलेली वाक्ये इंग्रजी तारेतून जशीच्या तशी उतरतात. कोणी नाका बंद केला, कोणत्या तारखेला, कोणते कारण देऊन, हे ठाऊक असेल तर वाक्याला कर्ता द्यावा. ठाऊक नसेल तर तसे लिहावे.

राहिले छायाचित्र. हाडे दिसणारे मूल छापले की वाचक हळहळतो, आणि ज्याची हाडे दिसत नाहीत ते बरे आहे असे समजतो. तीव्र कुपोषणाचा एक प्रकार सुजेचा असतो. पावले, पाय, मग चेहरा फुगतो, मूल दुरून गुटगुटीत दिसते. ओळखायचे कसे, तर दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचे. बोट काढल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला तर दंडघेर कितीही भरो, ते मूल तीव्र कुपोषितच. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी ओळीत पावलांच्या सुजेचा उल्लेख असेल तर मराठीत तो जागा वाचवण्यासाठी गाळू नये, आणि अशा मुलाचे चित्र ‘उपचारानंतर सुधारलेले बालक’ म्हणून तर मुळीच लावू नये. मुलाचे नाव छापायची गरज नाही. वय महिन्यांत, दंडघेर आणि छावणीचे नाव पुरे.

कळावे,
आपला एक वाचक